गड्डीगोदाम फीडर

पहिल्या आठवड्यात मी ओळखलंच नाही त्याला.
नाव दिलं होतं 'नेट', तेही खाली, बारीक अक्षरात,
वहिनीच्या नावानंतर.
वहिनी म्हणजे ती, मालिकेतली,
सात वर्षं एकाच स्वयंपाकघरात रडलेली.
परीक्षक म्हणाले, कमाल केली वहिनींनी!
नेटला कोणी काही म्हणालं नाही.
मग त्यानं कपाळ पुसलं, मनगटाच्या मागच्या बाजूनं,
डावीकडून उजवीकडे,
आणि मी तक्रारींचं रजिस्टर उलटं धरून बसले.
नथानिएल. नथू रणभिसे.

अजनीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, बुधवार-शनिवार,
मिस हार्वे शिकवायच्या.
वय सत्त्याहत्तर, पायात कापडी बूट,
रेकॉर्ड अडकली की तोंडानंच मोजायच्या पुढचं.
आम्ही सहा पोरी, मुलगा एकच,
म्हणून प्रत्येकीला दहा मिनिटं नथू.
मला पंचवीस मिळायची. का, ते त्यांनाच ठाऊक.
"पाठीवरचा हात म्हणजे दाराची कडी नव्हे," त्याला म्हणायच्या,
"नुसतं सांगायचं, इकडे चल."
घरी मी सांगितलं होतं, टायपिंगला जाते.
टायपिंगही आलं नाही शेवटी.

रविवारी रात्री नऊला, मे महिन्यात,
पारा सेहेचाळीसवरून उतरायला तयार नसतो,
सगळं नागपूर कूलर लावून बसतं टीव्हीसमोर
आणि ट्रान्सफॉर्मर एकेक करून मान टाकतात.
रविवारची पाळी मी मागून घेतलेली.
केंद्राला दोन फीडर आहेत, इथली लाईन जात नाही.
पाचव्या आठवड्यात वहिनीचा पाय मुरगळला,
नथूनं उरलेला नाच तिला उचलूनच पुरा केला. मतं वाढली.
सहाव्यात जांभळं चमचमतं जाकीट, त्याला अजिबात न शोभणारं.
सातव्यात तो क्रिकेटवाला गेला.
आठव्यात एक परीक्षक म्हणाला, जोडीदारही बरा आहे.
बरा!
तीन तक्रारी मी चुकीच्या वॉर्डात नोंदवल्या त्या रात्री.

नववा आठवडा. नऊ एकोणचाळीस. फोन.
"पोरी, लाईन गेली न वं गड्डीगोदामची.
चर्चच्या मागची गल्ली.
माह्यं पोट्टं नाचून राह्यलं टीव्हीत, आन् अथी अंधार."
नाव?
"सुवार्ता रणभिसे."
ग्राहक क्रमांक मी विचारला नाही.
एकदा उभी होते तिच्या दारात, पाणी पीत.
तिनं आडनाव विचारलं होतं, मी खोटं सांगितलं होतं.

कुंभलकर शिडी घेऊन निघाला,
वीस मिनिटं म्हणाला, म्हणजे चाळीस.
"फोन ठेवू नका," मी म्हणाले, "मी सांगते.
काळा कोट आहे. हो, चांगला आहे, अंगाबरोबर.
थोडा वाळलाय.
आता हात धरला तिचा.
आता डावा पाय पुढे टाकेल. टाकला.
उजवा बाजूला, मिटले. एक दोन तीन.
आता वळेल. वळला.
आता सोडेल तिला, नुसत्या एका बोटावर,
फिरेल ती, परत येईल,
आली."

दुसरी लाईन वाजत होती, तिसरी वाजत होती,
मानकापूर, जरीपटका, कुठे कुठे अंधार,
आणि टेबलाखाली माझा उजवा पाय मागे.
चप्पल कधी निघाली कळलं नाही.

"पोरी," ती म्हणाली,
"तू आधी म्हणते वळेल, मंग म्हणते वळला.
तुले कसं मालूम, तो कवा वळते?"

"तक्रार क्रमांक लिहून घ्या," मी म्हणाले.
"अंधारात कायनं लिहू, बाई?"
मग दोघीही गप्प.
टाळ्या होत्या, माझ्या बाजूनं.
तिच्या बाजूनं कोणी तरी हातपंखा हलवत होतं.

मतं कमी पडली. ते मी तिला सांगितलं नाही.
लाईन आली दहा वाजून चार मिनिटांनी,
"आली वं," ती म्हणाली, "पण हे तं जाहिरात आहे."

रजिस्टरमध्ये मी लिहिलं:
गड्डीगोदाम फीडर. कारण: भार जास्त.
बंद कालावधी: पंचवीस मिनिटं.